पोर्ट ब्लेअरचा मामा

सिरसाळ्याच्या अलीकडच्या त्या गावात सुनिताला सगळे नागपूरवाली म्हणतात. तिनं नागपूर अजून डोळ्यांनी पाहिलेलं नाही.

नागपूर तिला थोरल्या दिरानं बहाल केलं. लग्न होऊन ती पहिल्यांदा उंबऱ्यावर आली, माप लवंडून आत गेली, तेव्हा सासूनं, चंद्रभागाबाईनं, ताटात तांदूळ पसरले आणि नवऱ्यानं अंगठीनं त्यात ‘सुनिता’ असं लिहिलं. तिथवर सगळं रीतीचंच. नाव कोणत्याही सुनेचं बदलतात. पण त्या फुलमती नावाच्या पोरीचं माहेरही त्याच ताटात बदललं गेलं. दीर, राधाकिशनराव, ओसरीवरूनच म्हणाले, ‘‘कुणी इचारलं तर नागपूरकडची म्हनायचं. तिकडं हिंदी चालती. बोलन्यात आली तरी कुनाला शंका यायची न्हाई.’’

खरं माहेर पोर्ट ब्लेअर. अंदमान. तिचा नवरा परमेश्वर फौजेत ड्रायव्हर होता, तिकडं नेमणुकीला असताना तिच्या बापाच्या घरी मासळी-भात खायला यायचा. खाता खाता त्यानं तिला मागणी घातली. बापानं एकच विचारलं होतं, ‘‘लडकी को पूरे नाम से रखोगे न?’’ परमेश्वरनं हो म्हटलं होतं. हो म्हणणं ही परमेश्वरची सवयच आहे. तो सगळ्यांनाच हो म्हणतो.

राधाकिशनरावांची अडचण साधी होती. ‘‘काळ्या पान्याची पोर आनली म्हनून भावकीत कळलं तर तोंड दाखवायला जागा ऱ्हायची न्हाई. खुनी-दरोडेखोरांची अवलाद ती.’’

हे खोटंही नव्हतं. सुनिताच्या आजीची आजी खुनीच होती. अवधकडची बाई. दीर छळायचा, तर एक दिवस तिनं त्याच्या डोक्यात मुसळ घातलं. इंग्रजांनी जहाजात बसवून तिला बेटावर धाडलं. तिथं बायकांचा तुरुंग वेगळा होता. ज्या कैद्यांची वागणूक बरी, त्यांना काही वर्षांनी बाहेर राहायची, शेती करायची परवानगी मिळे आणि लग्नाचीही. मग तुरुंगाच्या आवारात बायका रांगेत उभ्या करत, पुरुष येऊन बघत. या आजीनं पहिल्या दोघांना नाही म्हटलं. कैदी असून नाही म्हटलं. तिसरा मद्रासकडचा, अर्धे दात पडलेला, तो हसला म्हणून त्याला हो म्हटलं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. पोरं झाली ती शिपायांची आणि कैद्यांची मिळून झालेली हिंदी बोलायला लागली. जात कुणी विचारली नाही. विचारून फायदाही नव्हता, शेजारीपाजारी सगळे तसेच. त्या लोकांना बेटावर नुसतं ‘लोकल’ म्हणतात. आडनावसुद्धा पुष्कळांना नाही.

राधाकिशनराव बोलायला लागले की सुनिताला ते मुसळ आठवतं. तिच्या स्वयंपाकघरातही एक आहे. ती ते उगीचच दारामागून काढून कोपऱ्यात नीट उभं करते.

रोहिणीला, तिच्या एकुलत्या एका मुलीला, तिनं हे सगळं सांगून ठेवलंय. शेवया वाळत घालताना, डोकं धुताना, गच्चीवर. जमिनीची एक चिंचोळी पट्टी, टेकडीवर उभं राहिलं की दोन्ही बाजूंना समुद्र. वैशाखात सुरू झालेला पाऊस मार्गशीर्षापर्यंत रेंगाळतो. दिवस इतका लवकर मावळतो की पोरं शाळेतून आली की अंधारच. जपान्यांनी बेट घेतलं तेव्हा आजोबांना हेर म्हणून धरून नेलं, ते परतले ते बहिरे होऊन. घरात कुणी कुजबुजत बोललं की चिडायचे, त्यांना वाटायचं चहाडीच चाललीय. रोहिणी लहानपणी विचारायची, ‘‘मग आपण तिकडं कावून जात न्हाई?’’ सुनिता म्हणायची, ‘‘तुझ्या मोठ्या काकांना विचार.’’ रोहिणीनं एकदा खरंच विचारलं. त्या दिवशी मार सुनितानं खाल्ला, सासूच्या हातचा.

पण मार ती विसरली. विसरली नाही ते त्सुनामीचं.

रोहिणी तेव्हा मांडीवर होती. बेटं हलली, जमीन खचली, सिपीघाटातलं बापाचं भाताचं शेत खाऱ्या पाण्याखाली गेलं ते परत वर आलंच नाही. बाप रोज जाऊन त्या पाण्याकडं बघत बसायचा. वर्ष सरायच्या आत गेला. धाकट्या भावाचा, बिशनचा, फोन आला तेव्हा सुनिता भाकरी थापत होती. ती ओरडली. राधाकिशनराव ओसरीवरून आत आले. बाहेर पंचायत समितीच्या प्रचाराची माणसं बसली होती.

‘‘आत्ता रडायचं न्हाई,’’ ते म्हणाले. ‘‘लोक भेटायला येतील. कोन मेलं, कुठं मेलं, काय सांगनार हायेस?’’

माहेरचं सुतक तिनं धरलं नाही. धरू दिलं नाही. परसात चुलीपुढं बसून ती ओली लाकडं लावायची, म्हणजे डोळ्यांना कारण मिळे. परमेश्वर सुट्टीवर आला होता. तो तिच्याजवळ पाण्याचा तांब्या ठेवून गेला.

आता रोहिणीचं लग्न ठरलं होतं. युसूफ वडगावचा रविराज. शेती आहे, दुधाचा धंदा आहे, मुलगा बरा आहे. रोहिणीला तो आवडला होता आणि तिनं तसं तोंडानं सांगितलं होतं. पण सोयरिकीच्या बैठकीत पहिला प्रश्न येतो तो मामकुळाचा. मुलीचे मामा कुठले, कोणत्या घरातले? ती सोय राधाकिशनरावांनी आधीच केली होती. सुग्रीव म्हणून त्यांचा एक राजकारणातला दोस्त, मांजरसुंब्याला त्याचा ढाबा आहे. त्याला फेटा बांधून मामा म्हणून बसवला. मूळचे नागपूरकडचे, संत्र्याच्या बागा विकल्या, धंद्यापायी इकडं आले. सुग्रीवनं मान डोलावली. त्याला प्रचाराची सवय होती.

आणि त्यातच बिशनचा फोन आला. जहाजाचं तिकीट काढलंय. मद्रास, तिथून हैदराबाद, तिथून परळीची गाडी. ‘‘भांजी की शादी में मामा नहीं आएगा तो कौन आएगा, दीदी?’’

सुनितानं रात्रीच्या जेवणाला वाढता वाढता घरात सांगितलं.

‘‘येऊ दे की,’’ राधाकिशनराव म्हणाले. ‘‘सुग्रीवच्या ढाब्यावर वर खोल्या हायत. झोपायला गादी, खायला मटन. लग्न लागलं की फोटो दाखवू त्याला.’’

‘‘आन् रोहिणीच्या पाठीशी पाटावर कोन उभं राहनार?’’

‘‘सुग्रीव. बैठकीत तोच बसलता. आता बदलला तर लोक म्हनतील, मामा काय भाड्यानं आनलावता का.’’

‘‘भाड्यानंच आनलावता.’’

‘‘परमेश्वर,’’ राधाकिशनराव शांतपणे म्हणाले, ‘‘हिला समजावून सांग.’’

परमेश्वरनं भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला आणि तो बराच वेळ बुडवूनच ठेवला.

बस्ता बांधायला दोन्हीकडची माणसं अंबाजोगाईच्या कापडदुकानात जमली. खाली गाद्या, समोर साड्यांचा ढीग, फिरता चहा. रविराजची आई, छबुबाई, मधोमध बसली होती. जाडजूड, पान खाणारी, नजर मात्र सुईसारखी. नऊवाऱ्या झाल्या, मानपानाच्या झाल्या, जावयाचा पोशाख झाला. मग आली मामाची साडी. मंगलाष्टकाच्या वेळी नवरीच्या अंगावर मामानं आणलेली पिवळी साडी असते. ती नेसली की मामा तिला पाटावर आणतो आणि शेवटच्या अक्षतेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो.

‘‘सुग्रीवभाऊ,’’ छबुबाईनं सहज विचारलं, ‘‘औंदा संत्र्याला काय भाव हाय?’’

सुग्रीव गडबडला. ‘‘संत्रं... ज्यूस पन्नास रुपये गिलास हाय ताई, आमच्याकडं.’’

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. राधाकिशनरावांनी सुग्रीवकडं असं बघितलं की त्यानं घाईघाईनं ढिगातली एक पिवळी साडी ओढली आणि रोहिणीच्या खांद्यावर टाकली. साडी भडक होती, अंगाला टोचेल अशी. चूक झाकायला सुग्रीवला आता काहीतरी जोरदार करणं भाग होतं. त्यानं उपरण्यानं डोळे पुसले.

‘‘आज आमचे नाना असते,’’ तो म्हणाला, ‘‘तर नातीसाठी पैठनी घेतली असती. लई जीव होता त्यांचा सुनिताताईवर. त्या सासरी निघाल्या तवा आठ दिस जेवले न्हाईत.’’

‘‘अगं बाई,’’ कुणीतरी म्हणालं.

सुनिताच्या हातात चहाचा कप होता. तिनं तो खाली ठेवला.

‘‘डोळे पुसा, सुग्रीवभाऊ,’’ ती म्हणाली. ‘‘ओले न्हाईत ते. माझा बाप मेला तवा मला रडू दिलं न्हाई ह्या घरानं. आन् तुमी आज दुकानात बसून त्याच्या नावानं रडताय? कोन तुमचे नाना?’’

‘‘सुनिता, गाडीत जाऊन बस,’’ राधाकिशनराव म्हणाले.

ती बसलेली हलली नाही. पदर डोक्यावर होता तो तसाच होता, आवाजही चढला नव्हता. पण दुकानातली पोरं साड्या उलगडायची थांबली.

‘‘ईनबाई, मी नागपूरची न्हाई. पोर्ट ब्लेअरची हाय. माझ्या आजीच्या आजीनं दिराला मुसळानं मारलं म्हनून तिला तिकडं नेलं. हा मानूस माझा कुनी न्हाई. माझा भाऊ बिशन. फेरीबोटीवर सारंग हाय. बोट हाकतो, लोकांना ह्या बेटावरून त्या बेटावर सोडतो. लग्नाला तो निघालाय आन् ह्यांनी त्याला ढाब्यावर लपवायचं ठरवलंय. माझ्या पोरीच्या पाठीशी तोच उभा राहील. तुमाला चालत नसंल तर आत्ता सांगा, साड्या अजून फाडल्या न्हाईत.’’

मग ती थांबली. आता काय होणार ते तिला माहीत होतं. आरडाओरडा होईल, सुपारी परत येईल, रोहिणी आयुष्यभर बोल लावेल. तिनं रोहिणीकडं बघायचं टाळलं.

छबुबाईनं पान एका गालातून दुसऱ्या गालात सारलं.

‘‘ठावं हाय, ईनबाई.’’

‘‘काय ठावं हाय?’’

‘‘समदंच. परमेश्वरभाऊसंगं आमच्या वडगावचे दोघं फौजेत होते की. तुमच्या लग्नातली मासळी खाऊन आलेत ते. अजून सांगत्यात, लई झ्याक होती म्हनून.’’



‘‘मग बोलल्या कावून न्हाई?’’

‘‘कावून बोलायचं? जिल्ह्यात पोरी कुठं ऱ्हायल्यात? माझा रविराज चौतिशीला आला. पोरगी गुनाची हाय, पसंत पडली, इषय मिटला. ठावं असनं येगळं न् बोलनं येगळं. आता तुमी चार बायकांत बोलला, तर मला घरी जाऊन उत्तर द्यावं लागंल. ते खोटं काय वाईट चाललंवतं?’’

ती हे रागानं बोललीच नाही. समजूत घालावी तसं बोलली. त्यामुळंच सुनिताच्या टाळूपर्यंत आग गेली. म्हणजे सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं. दळणाला गेलं की नागपूरच्या थंडीचं विचारणाऱ्या बायकांना ठाऊक होतं. ओली लाकडं, गिळलेलं सुतक, रोहिणीनं एक प्रश्न विचारला म्हणून पाठीवर बसलेला मार, हे सगळं लपवलं कुणापासून होतं? कुणापासूनच नाही. तिला गप्प बसवायचं होतं, एवढंच होतं.

बाजूला हालचाल झाली. रोहिणीनं खांद्यावरची पिवळी साडी काढली, गुडघ्यावर ठेवून नीट घडी घातली आणि सुग्रीवच्या पुढ्यात सरकवली.

‘‘आई, मामाला फोन लाव,’’ ती म्हणाली. ‘‘साडी घेतली का, विचार.’’

फोन लागला. पाठीमागं इंजिनाची धडधड होती, म्हणून बिशन ओरडूनच बोलला आणि रोहिणीनं स्पीकर चालू केल्यामुळं अख्ख्या दुकानानं ऐकलं.

‘‘कब की ले ली! अबर्डीन बाज़ार से! पीली ही बोली थी न, दीदी?’’

छबुबाई आपल्या बायका घेऊन उठली. ‘‘कळवते,’’ एवढंच म्हणाली. जाताना तिनं रोहिणीच्या गालावरून हात फिरवला. त्याचा अर्थ काय लावायचा ते कुणाला कळलं नाही.

पुढचे काही दिवस घरात सुनिताशी कुणी बोललं नाही. चंद्रभागाबाई भिंतीला सांगायच्या, भिंत सुनिताला सांगायची. रोहिणी फोन उशाशी घेऊन झोपायची. एका दुपारी परमेश्वर स्वयंपाकघरात आला, दाराकडं एकदा बघून कुजबुजला, ‘‘बरं झालं बोललीस.’’

सुनितानं हातातलं उलथणं ठेवलं. ‘‘हळू कावून बोलताय? बरं झालं ना? मग ओसरीवर जाऊन बोला.’’

तो गेला नाही. पण स्वयंपाकघरातून पळालाही नाही. तिथंच पाटावर बसून राहिला. मग उगीच म्हणाला, ‘‘पोर्ट ब्लेअरचं नाव बदललं म्हनं सरकारनं. टीव्हीवर होतं.’’

‘‘बिशननं सांगितलं. तिथंबी ताटात तांदूळ पसरले असतील.’’

त्याच संध्याकाळी छबुबाईचा फोन आला. लग्न व्हायचं ठरलं होतं. रविराजनं जेवण सोडलं होतं म्हणे, तो ऐकायलाच तयार नव्हता.

‘‘पर एक सांगा, ईनबाई. मामाचं आडनाव काय सांगू? इथं बायका इचारत्यात.’’

‘‘आमच्यात लावत न्हाईत. बिशन म्हना.’’

‘‘नुसतं बिशन? बरं दिसत न्हाई ते. कायतरी चांगलंसं सांगा की.’’

‘‘न्हाई सांगनार,’’ सुनिता म्हणाली. ‘‘बरं दिसायचं ते तुमी बगा. पाटावर बिशन उभा राहील.’’

तिनं फोन ठेवला. परमेश्वर तिच्याकडं बघत होता.

‘‘परळीच्या ठेसनावर तुमी जायचं,’’ ती त्याला म्हणाली. ‘‘गडी पाठवायचा न्हाई. त्याला घेऊन सरळ घरी यायचं. मांजरसुंब्याला न्यायचं न्हाई, मागल्या दारानं आनायचं न्हाई.’’

तो उठला. ओसरीवर गेला. सुनिता चुलीपाशी उभी राहून ऐकत होती.

‘‘दादा,’’ परमेश्वर मोठ्यानं म्हणाला, ‘‘जीपची चावी पाहिजे. माझा मेहुना येतोय.’’

टीव्हीचा आवाज वाढला. बराच वेळ दुसरं काही ऐकू आलं नाही. मग खुंटीवरून चावी काढल्याचा आवाज आला.