वास्तू तथास्तु म्हणते

स्पॅनिशच्या वर्गात काल बाईंनी शिकवलं, की इच्छा सांगायची तर क्रियापदाचं रूप बदलतं. घडतंय ते वेगळं, घडावंसं वाटतं ते वेगळं. मला एकदम दिवेलागणीची आई आठवली. परीक्षेच्या दिवसांत मी "नापास होणार" असं कुरकुरले, की ती हातातली वात तशीच धरून म्हणायची, "चांगलं बोल गं, वास्तू तथास्तु म्हणते." मग मी निमूट म्हणायची, "पास व्हावं."

बाईंनी प्रत्येकीला एक इच्छा विचारली. मी अडखळत स्पॅनिशमध्ये म्हटलं, "घरी गेल्यावर आईने दार उघडावं."

"अगदी बरोबर!" बाई म्हणाल्या. आई जाऊन किती वर्षं झाली, हे त्यांना कुठे ठाऊक? मी मात्र उगाच वर्गाच्या भिंतींकडे बघत राहिले.