निनियन टेटची ऐंशी यार्डांची सूट

सेलकर्क गावातल्या लोकरीच्या गिरणीत निनियन टेट सूतखात्यात होता. पाळी संपली की नदीकाठाने पळायचा. पुढे पंधरा वर्षं तो मैल पळला, तीन मैल पळला, सहा मैलही पळला; जिंकला एकदाच, बावन्न साली, मैलात.

त्या भागातल्या खेळांत सगळे एका रेषेवरून सुटत नाहीत. चपळ गडी मागे, रखडणारा पुढे. कोणाला किती यार्डांची सूट, हे पंच आधीच्या शर्यती बघून ठरवतो. म्हणून खरी चाल दाखवायची नाही. दाखवली तर हात दाखवून अवलक्षण. वर्षानुवर्षं मुद्दाम हरायचं, सूट वाढवून घ्यायची आणि एक दिवस झडप घालायची. यात तिथे कोणाला पाप वाटत नाही. मला वाटतं, पण मला विचारतो कोण?

निनियनला तयार करणारा डॉड रेनिक या विद्येत मुरलेला. त्याने पहिल्याच दिवशी बजावलं, "घरीसुद्धा ब्र काढायचा नाही. तुझा बाप मागखात्यात जॉबर. त्याला कळलं म्हणजे दीडशे मागांना कळलं."

"बाबा नाही कोणाला सांगणार."

"न सांगता हसेल. तू हरलास आणि तो हसला, की संपलं."

चार उन्हाळे निनियन ठरवून हरला. त्याचा बाप अँड्रू कुंपणाशी टोपी हातात धरून उभा असायचा. घरी जाताना म्हणायचा, "शेवटचं वळण जड गेलं, होय ना? चालायचंच रे. अर्धवट नाही सोडलंस, हेच खूप." जिंकल्यावर सांगूच, असं निनियन मनाशी म्हणायचा. चौथ्या वर्षी बाप आलाच नाही, तेव्हा तर त्याला सुटल्यासारखं वाटलं.

पुढच्या एप्रिलमध्ये अँड्रू छातीच्या दुखण्याने गेला. जूनमध्ये पंचाने निनियनला ऐंशी यार्ड दिले.

"आता पाय मोकळे सोड," डॉड म्हणाला.

निनियनने सोडले. शेवटच्या फेरीत त्याच्या आसपास कोणी नव्हतं. लोक ओरडत होते, डॉड चक्क रडत होता. निनियनला काहीच वाटलं नाही. दोरी छातीला लागली, तेवढी कळली. मग कोणी पाठ थोपटली, कोणी हात हातात घेतला, आणि तो सगळ्यांना "हो, हो" म्हणत राहिला.

घरी आईने, जीनने, चहा ओतला आणि मनुकांच्या बॅनक पावाला लोणी लावलं.

"तुला सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. "गेल्या वर्षी बाबा आले होते बरं का. भिंतीपलीकडे रस्त्यावर उभे होते. म्हणाले, माझाच पायगुण वाईट, मी दिसलो की पोराचे पाय जड होतात. तिथून दिसत काही नव्हतं म्हणे. नुसता लोकांचा गलका ऐकून परत आले."

निनियनचा घास तोंडात तसाच राहिला.

"शेवटपर्यंत तेच लागून राहिलं होतं त्यांना." तिने डोळे पुसले. "असा पळायला कधी लागलास रे? यंदाच ना?"

आता सांगायला डॉडची हरकत नव्हती. कोणाचीच नव्हती. निनियनने घास गिळला.

"यंदाच, आई."

"मग त्यांच्या नशिबातच नव्हतं," जीन म्हणाली, आणि तिचा जीव थोडा हलका झाला.