दूध केंद्रावरच्या त्या विदुषी

ऐंशीच्या दशकात मी पार्ल्याच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायची आणि स्वतःला फार मोठी संशोधक समजायची. बढतीच्या मुलाखतीला मी माझे शोधनिबंध लेकराला मिरवावं तसे मिरवत नेले. फक्त पहिला निबंध घरी ठेवला. आरेच्या दूध केंद्रांपुढे पहाटे रांग लावणाऱ्या बायकांवरचा तो निबंध मी लग्नाआधी लिहिला होता. पुढे सासरी माझं आडनावच नाही, नावही बदललं, आणि त्या नव्या नावाने मी तोच निबंध पोरकट ठरवून चांगला झोडपला होता!

समितीतल्या वयस्कर प्राध्यापकांनी चष्मा पुसला. "बाई, तुमच्या निबंधांचा दाखला कोणीच दिलेला दिसत नाही. पण ज्यांना तुम्ही झोडपलंत ना, त्यांचा दाखला परदेशातले लोकही देतात. जरा त्यांच्याकडे जाऊन शिका."

 मी खुर्ची जरा पुढे ओढली.

"सर," मी कशीबशी म्हणाले, "त्या बाई मीच."

एकाने फाइलमधलं माझं पदवीचं प्रमाणपत्र काढलं, त्यावरचं माहेरचं नाव दोनदा वाचलं आणि म्हणाला, "अहो, हे खरंच आहे!"

बढती मिळाली. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने माझं नवं नाव लिहिणाऱ्या नवऱ्याला घरी येऊन सांगितलं, तर तो म्हणतो कसा, "वा, झकास! पण दोघींपैकी कोणाला गं?"