मनगट धरणारे गृहस्थ

गंगापूर रोडच्या आमच्या बागेत रोज सकाळी फिरायला येणारे एक गृहस्थ नमस्कार करत नाहीत, थेट मनगट धरतात. जुन्या घड्याळांचा नाद आहे त्यांना. खिशातून भिंग काढायचं, तबकडीला डोळा लावायचा आणि निकाल द्यायचा: "रेअर!" नाहीतर "गेली!" घड्याळामागच्या माणसाकडे बघायचंच नाही.

त्या दिवशी त्यांनी माझ्या वडिलांचा हात धरला. "डायल रंगवलीय, काका. ओरिजिनल नाही."

"हो, मीच आकडे जाड करून घेतले. बारीक दिसेनात हो," बाबा हसत म्हणाले.

"वाट लावलीत! अशी डायल आता मिळते कुठे? तुमच्यासारख्यांच्या हातात या वस्तू पडायलाच नकोत."

माझं डोकंच सणकलं. "अहो, ज्याचं घड्याळ त्याला वेळ दिसायला नको?" मी ओरडलो. तोवर ते पुढच्या मनगटाकडे वळलेसुद्धा होते.

बाबांनी गुपचूप बाही खाली ओढली.

आता त्या घड्याळाला ते रोज चावी देतात, पण हातात घालत नाहीत. बागेत वेळ मला विचारतात. समोर तो माणूस कुणाचंतरी मनगट धरून उभा दिसतो आणि वेळ सांगताना माझा आवाज चढतो. बाबांना वाटतं, मी त्यांच्यावरच चिडलोय.