समाजगृहाची सारवलेली जमीन

भामाचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. घरचं पाणी भरून ती गोठ्यावर जायची, घमेलंभर शेण घ्यायची आणि ते डोक्यावर घेऊन आमच्या आळीच्या समाजगृहात यायची. शेण ताजंच हवं. शिळं भिंतीवर थापा, जमिनीला चालत नाही.

हे समाजगृह पनवेलच्या खाडीकडच्या आळीत जुन्या मिठागरवाल्यांनी बांधलेलं. नव्वद सालाच्या सुमारास ते पडायला आलं. समितीला पाडून स्लॅब टाकायचा होता. नवीन पनवेलला राहायला आलेला सत्यजीत नावाचा आर्किटेक्ट आडवा आला. म्हणाला, भिंती चांगल्या आहेत, ठेवा. जुनं सागवानच पुन्हा वापरा. वर कौलं, छपराचं पाणी टाकीत, खाली मातीची जमीन. लग्नं करा, सभा घ्या, पंख्याची गरज पडणार नाही. तो म्हणाला तसंच झालं. मे महिन्यातही आत गार वाटायचं. भिंतींचं गवंडीकाम माझं, त्यामुळे मी रोज आत असायचो.

पण मातीची जमीन म्हणजे सारवण आलं. सभेत ठराव झाला की ज्याचं कार्य त्याने सारवायचं. टाळ्या वाजल्या. सारवायला कोणी आलं नाही. भामा समोरच राहायची. तिने एकदा सारवलं आणि ते काम तिच्या गळ्यात पडलं ते पडलंच.

एवढी मोठी जमीन सारवायची म्हणजे गुडघ्यावर बसून, एकेक हात फिरवत, भिंतीपासून दारापर्यंत मागे सरकत यायचं. मध्ये थांबलं की जोड दिसतो. त्यात लोक लोखंडी खुर्च्या आणायचे. वरपक्ष खाली कसा बसणार? खुर्च्यांच्या पायांनी जमिनीला खड्डे पडायचे. मग खड्ड्यांत माती भरा, चोपा, सुकू द्या आणि मग सारवा. बैठक घाला म्हणून मी किती वेळा सांगितलं! लोक हो म्हणायचे आणि पुढच्या लग्नाला पुन्हा खुर्च्यांचा टेम्पो दारात.

मजुरी म्हणाल तर खण आणि नारळ. कार्य आटोपलं की महिला मंडळाच्या पद्मजाबाई भामाला स्टेजवर बोलवायच्या, ओटी भरायच्या. "आमच्या भामाताईंच्या हातात जादू आहे!" फोटो निघायचा. भामाला रोख मजुरी हवी होती. तिने ती मागितली की लोक हसायचे.

समितीचा अध्यक्ष काशिराम. त्याच्या पुतणीचा साखरपुडा होता त्या सकाळी भामा शेण घेऊन आली, घमेलं उंबऱ्यापाशी ठेवलं आणि बाजूला बसली. आत खड्डेच खड्डे.

काशिराम धावत आला. "वयनी, बसलाव काय? पावनं दुपारी येतील."

"आदी मजुरीचा बोला."

"समाजाचा काम हाय. त्याचे पैसे कोन घेतो?"

"गवंड्यानी घेतले. सुतारानी घेतले. खुर्चीवाला घेतो, बेंडवाला घेतो."

"ती कामा हाईत."

"आनि यो काय फुगडी हाय?"

मी हसलो. काशिराम माझ्यावर खेकसला आणि घरच्या बायकांना बोलावून आणलं. त्या आल्या, जमिनीकडे पाहिलं आणि हात पुढे केले. कोपरापर्यंत मेंदी.

तेवढ्यात सत्यजीत आला. सगळं ऐकून म्हणाला, "चूक माझी आहे. एस्टिमेटमध्ये मी जमीन फुकट धरली होती."

"मंग शिमिट ओता!" काशिराम म्हणाला.

"ओता की," भामा म्हणाली. "मना काय? मी घरी जाते."

"सिमेंट ओतलं तर आज दुपारी पाहुणे उभे कुठे राहणार?" सत्यजीतने विचारलं.

काशिरामने घड्याळ पाहिलं, जमीन पाहिली, पुन्हा घड्याळ पाहिलं. "दिले. दर टायमाला, रोख. उठा आता."

"आनि खुर्च्या?"

"खुर्च्या नाय. सतरंज्या टाकू."

"पद्मजाबाईंना सांगा, नारल पन नको. आमच्या घरी चटनी कोनी खात नाय."

मग ती आत गेली. मी खड्डे चोपून दिले, तिने सारवलं. पाहुणे येईपर्यंत जमीन जेमतेम वाळली.

तिला मजुरी मिळू लागली, पण खुशीने कोणी दिली नाही. "भामा शेणाचे पैसे करते," असं पाणवठ्यावर बोलायचे. त्याच बायका आपल्या मुलीचं लग्न ठरलं की आदल्या दिवशी तिच्या दारात. खुर्च्याही अधूनमधून यायच्याच. त्या दिवशी भामा जास्त मजुरी घ्यायची. बरोबर करायची.

काही वर्षांनी तिने मला घरी बोलावलं. दारात शहाबादी फरशीची थप्पी लागली होती. सत्यजीतही सहज आला होता. थप्पी पाहून बिचारा म्हणाला, "भामाताई, पावसाळ्यात ही फार गार पडते."

"परू दे. गोनपाट टाकीन."

मी दोरी लावून, सांधे भरून फरशी बसवली. सारवणाच्या मजुरीतून तिच्या घरातली सारवायची जमीन संपली, पडवीसकट.