शेवटचा माणूस बाहेर आल्यावर

बाबांच्या बिडीवर मी जेवढी ओरडले, तेवढी पोरांच्या अभ्यासावरही ओरडले नसेन. अग्निशमन दलातून निवृत्त झाल्यावर बाबा नवीन पनवेलला आमच्याकडे राहायला आले. दलातला त्यांचा जोडीदार जवळच्याच विचुंबे गावचा. मी त्यांना काका म्हणायचे. काका रोज संध्याकाळी स्कूटरवर यायचे आणि दोघं सोसायटीबाहेरच्या कट्ट्यावर बसून बिड्या फुंकायचे. मी काही बोलले की काका हसायचे. "आमी गोदामांचा धूर पचवलाय पोरी, ही बिडी काय करनार हाय?"

मग काकांना खोकल्यातून रक्त पडलं. फुफ्फुसात गाठ निघाली. डॉक्टरांनी बाबांनाही समोर बसवून सांगितलं, की नोकरीत जो धूर छातीत गेला तो आता काही काढता येत नाही, धोका तुम्हालाही आहे; पण बिडी सोडलीत तर तो कमी होईल. आई गेल्यापासून मला माहेरचं बाबांशिवाय कुणी नव्हतं. मी घाबरले, आणि घाबरले की मी भांडते.

हात धुऊन मागे लागले दोघांच्या. तंबाखू सोडवणाऱ्या बाईंकडे नेलं, चघळायच्या गोळ्या आणल्या, खिशात बडीशेपेच्या पुड्या कोंबल्या. काकांनी भीतीनेच सोडली. बाबांनीही सोडली म्हणून माझी शपथ घेतली. आणि एक दिवस बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या मागे रंगाचा जुना डबा सापडला. अर्धा पाण्याने भरलेला, वर थोटकं तरंगतायत. दुसरा कुणी असता तर थोटूक खाली भिरकावून मोकळा झाला असता, सापडलाही नसता. पण जन्मभर आगी विझवलेल्या माणसाला विस्तव पाण्यात बुडवल्याशिवाय टाकवेना.

मी नको नको ते बोलले. बाबांनी ऐकून घेतलं. मग सांगत बसले, की कामावर आग विझली तरी कुणी बिडी पेटवायची नाही. शेवटचा माणूस बाहेर आला की मगच गाडीमागे बसून एक बिडी पेटायची आणि सगळ्यांत फिरायची. पाइप धरून सगळ्यांत पुढे काका असायचे, म्हणून शेवटी बाहेर यायचे तेही काकाच. त्यांचं काळंठिक्कर तोंड दिसलं की बाबा काडी ओढायचे. ती सवय सुटत नाही गं, म्हणाले.

काकांच्या ऑपरेशनच्या दिवशी बाबा हॉस्पिटलच्या दारात येरझाऱ्या घालत होते. मध्येच टपरीकडे वळले. मी आडवी आले. "काका आत आहेत. ते बाहेर येईपर्यंत पेटवायची नाही. तुमचाच नियम आहे ना?"

बाबांनी खिशातलं बंडल काढून माझ्या हातात दिलं. कसलं नेमकं बोलले म्हणून मीच माझ्यावर खूश.

काका शुद्धीवर आलेच नाहीत.

विचुंब्याहून अग्नी देऊन आलो, तर बाबा आंघोळ करून बाल्कनीत जाऊन बसले. रडेनात, बोलेनात, चहाला हात लावेनात. माझ्याने बघवेना. ते बंडल माझ्या पर्समध्येच होतं. मी, मी स्वतः, ते काढून काडेपेटीसकट त्यांच्यापुढे ठेवलं. म्हटलं, आजच्या दिवस ओढा.

बाबांनी ते हाताने बाजूला सारलं.

"पेटवू कशी?" ते म्हणाले. "तो कुठे बाहेर आलाय अजून."