मंगलाजिजींचा प्रदेश

सकाळची घाई. गॅसवर दूध, परातीत कणीक, आणि दारावर थाप पडली. तशाच हातांनी दार उघडलं, तर समोरच्या घरातल्या मंगलाजिजी. पुढच्या आठवड्यात त्या जर्मनीला मुलाकडे, नवनीतकडे निघाल्यात. सून रंजिता बाळंत व्हायची आहे. मला वाटलं, डिंकाच्या लाडवांचं काही असेल. पण त्यांनी मोबाइल पुढे केला आणि आपली मालिका या खेपेला तिकडे दिसेल ना, एवढंच विचारलं.

दोन जावांच्या त्या मालिकेवर जिजींचा भारी जीव. मोबाइल डब्याला टेकवून भाजी निवडत बघतात, आणि धाकटीनं तोंड उघडलं की तिला तिथल्या तिथे झापतात. मालिका दाखवणाऱ्या कंपनीची वर्षाची वर्गणी नवनीतनंच भरलेली.

गेल्या खेपेला तिकडे पोचल्या आणि मोबाइलवर अक्षरं आली : 'हा कार्यक्रम तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही.' प्रदेश काय नि परदेश काय, आमच्या ब्राह्मणपुरीत बोलताना दोन्हींना परदेसच म्हणतात. जिजींना वाटलं, कंपनीनं आपल्याला परकं ठरवलं. त्यांनी तक्रारीच्या नंबरवर आपला आवाज भरून पाठवला, "मन्हा परदेस कसाना? मी ब्राह्मणपुरीनी शे, तालुका शहादा." उत्तर आलं नाही. पण घरी परतल्यावर मालिका सुरू झाली, तेव्हा कंपनीला आपलं म्हणणं पटलं, असं त्या धरून चालल्या होत्या.

मी हात धुतले, त्यांना दारापुढच्या ओट्यावर बसवलं आणि चहा दिला. माणूस कुठला ते कंपनी बघत नाही, मोबाइल कुठे उघडला ते बघते; मालिका दाखवायचे हक्क देशागणिक वेगळे विकतात, हे सांगितलं. म्हणजे या खेपेलाही बंदच.

जिजींनी कप बाजूला ठेवला. मग हळूहळू सांगू लागल्या. नवनीत दिवसभर कामावर, रंजिताला झोप हवी, शेजारी हसून दार लावून घेतात. भांडायला त्या दोन जावा तरी हव्या होत्या.

मी मालिका बघत नाही, यावरून जिजी मला नेहमी टोचतात : कॉलेज शिकेल बाईले रडू येत नई. आज टोचलं नाही. पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "चेतना, तू रोज देखजो आनि माले फोनवर सांगजो. काहीच गाळू नको."